फुलबागेतले भुंगेरे विषारी फवारा न मारता कसे आवरायचे

नाशिकात मखमलाबाद रस्त्याला आमचं घर. मागच्या कुंपणापलीकडे द्राक्षबाग, पुढे रस्त्याच्या कडेला दोन कडुनिंब आणि एक बाभूळ. मधल्या जागेत माझी फुलबाग: चाळीसेक गुलाब, तीन प्रकारच्या जास्वंदी, मोगरा, निशिगंधाचा एक वाफा आणि दसऱ्यासाठी झेंडू. भुंगेऱ्याला बिऱ्हाडासाठी जागा शोधायची असती, तर त्याने हीच शोधली असती. खायला गुलाब, जोडी जमवायला कडुनिंब, अंडी घालायला शेणखत घातलेली भुसभुशीत माती.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही दुकानदार देईल ती बाटली आणून फवारली. एका वर्षी फवारणीनंतर आठ-दहा दिवसांत गुलाबाच्या शेंड्यांवर मावा असा चढला की कळ्या दिसेनात. भुंगेरे रात्री पुन्हा हजर होतेच. मेले होते ते मावा खाणारे ढालकिडे. तेव्हापासून बाटली बंद केली आणि भुंगेऱ्याचं वेळापत्रक बघायला लागले. तो कधी जमिनीतून निघतो, किती वाजता खातो, कुठे अंडी घालतो, हे कळलं की निम्मं काम बादलीभर साबणाच्या पाण्याने होतं. उरलेलं निम्मं मातीत करायचं असतं.

आधी चोर ओळखा

पानाला भोक दिसलं म्हणून भुंगेराच असं नाही. रात्री नऊच्या सुमारास टॉर्च घेऊन बागेत जा आणि सकाळी उन्हं वर यायच्या आत पुन्हा एक फेरी मारा. या दोन फेऱ्यांत सगळे चोर सापडतात.

गुलाबाच्या पानांची चाळण झालेली आहे, दिवसा मात्र एक किडा दिसत नाही: हे काम रात्रीच्या तपकिरी भुंगेऱ्यांचं. दिवसा ते मातीत नाहीतर पाचोळ्याखाली पडून असतात. यातले मोठे, बोटाच्या पेराएवढे, ते हुमणीचे, म्हणजे मातीत मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे.

पान मधे शाबूत, पण कडेने करवतीसारखं कुरतडलेलं: हा राखाडी सोंड्या. जास्वंदीवर आणि गुलाबावर हमखास असतो. हात नेला की पाय आखडून खाली पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो. त्याची ही खोड आपल्या फायद्याची आहे, ती पुढे सांगते.

उमललेल्या फुलात डोकं खुपसून बसलेला, चपटा, पाठीवर ठिपके किंवा नक्षी असलेला: हा फुलभुंगेरा. भरदिवसा येतो, पराग खातो, पाकळ्या फाडतो. माझ्याकडे तो पांढऱ्या आणि पिवळ्या गुलाबांवर आधी येतो, लाल गुलाबाकडे नंतर बघतो.

काळ्या अंगावर नारिंगी-तांबडे पट्टे असलेला, जास्वंदीची अख्खी फुलं फस्त करणारा: हा फोड आणणारा भुंगेरा. बाजरीवर येतो तेव्हा शेतकरी त्याला हिंगे म्हणतात. याला हात लावू नका. का ते खाली आहे.

आणि गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे स्वच्छ अर्धगोल दिसले तर स्वस्थ बसा. ती पानकापी मधमाशी. पानाचे तुकडे नेऊन ती पिल्लांची कोठी बांधते. झाडाचं त्याने काही बिघडत नाही आणि परागीभवन होतं ते वेगळंच. या अर्धगोलांसाठी लोकांनी विष फवारलेलं मी बघितलं आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

आमच्या गल्लीत कुठलाही बारीक भुंगेरा दिसला की "उडद्या आला" म्हणतात. द्राक्षाच्या गावात ते साहजिकही आहे. पण खरा उडद्या वेलीचा गिऱ्हाईक. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुगायला लागले की तो ते कोरतो. गुलाबाची चाळण त्याच्या नावावर लिहू नका. तसंच इंटरनेटवरचे विदेशी सल्ले वाचताना एक बघा: त्यातले बरेचसे जपानी भुंगेऱ्यासाठी असतात. तो आपल्या बागेतला किडा नाही, त्यामुळे त्याच्यासाठीचे वासाचे सापळे मागवून पैसे घालवू नका.

पंधरा-वीस संध्याकाळी

हुमणीचा भुंगेरा वर्षातून एकदाच बाहेर येतो. हिवाळा आणि उन्हाळा जमिनीत काढतो आणि मेअखेरचा वळीव किंवा रोहिणी-मृगाचा पहिला चांगला पाऊस पडून माती भिजली की संध्याकाळी सातनंतर निघतो. थेट कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जातो, तिथे जोडी जमते, रात्रभर पाला खातो आणि उजाडायच्या आत परत मातीत. पुढच्या काही दिवसांत एकेक मादी पन्नासएक अंडी घालते. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पकडलेली एक मादी म्हणजे ऑगस्टमध्ये मुळं कुरतडणाऱ्या पन्नास अळ्या कमी. वर्षभरात मी जे काही करते, त्यातलं सगळ्यात मोलाचं काम या दिवसांतलं.

कृती सोपी आहे, फक्त वेळ चुकवू नका. पहिल्या वर्षी मी सात वाजताच काठी घेऊन कडुनिंबाखाली उभी राहिले. फांदी हलवली की भुर्रकन सगळे उडायचे. द्राक्षबागवाले भाऊ कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, "ताई, आत्ता हलवाल तर उडूनच जातील. पोटाला लागू द्या, जोडी लागू द्या, मग पडतात दगडासारखे." साडेआठला पुन्हा गेले. झाडाखाली जुनी चादर अंथरली, लांब बांबूला आकडी बांधून फांदी दोन-तीनदा जोरात हलवली. चादरीवर टपटप आवाज झाला, गारा पडल्यासारखा. त्या रात्री तांब्याभर भुंगेरे निघाले.

चादरीची चारही टोकं लगेच उचलायची, कारण मिनिटभरात ते चालायला लागतात. मग सगळे बादलीत ओतायचे. बादलीत अर्ध्यापर्यंत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन चमचे. नुसत्या पाण्यावर भुंगेरा तरंगतो आणि काठावर चढून पळतो. साबण असला की बुडतो. रॉकेलची गरज नाही. सकाळी बादली बागेबाहेर खड्ड्यात ओतून वर माती लोटायची.

जोडीला प्रकाश सापळा लावा. साबणपाण्याचं घमेलं, त्याच्यावर हातभर उंचीवर एक बल्ब, बल्बमागे जुना पत्रा किंवा पांढरं कापड. भुंगेरे येऊन आपटतात आणि खाली पडतात. वायर आणि होल्डर पावसात भिजणार नाही अशी सोय करा. दिवा सात ते साडेनऊ एवढाच चालू ठेवा. रात्रभर ठेवला तर निरुपद्रवी पतंग आणि उपयोगी किडेही मरतात. सापळा गुलाबाच्या वाफ्यात नको, बागेच्या कडेला हवा. नाहीतर दिव्याकडे निघालेली पाहुणेमंडळी वाटेत तुमच्याच ताटावर बसतात. या दिवसांत अंगणातला झगझगीत पांढरा दिवाही लवकर मालवा.

हे काम एकट्याने केलं तर अर्धवट होतं. भुंगेऱ्याला कंपाउंडची भिंत कळत नाही. आमच्या गल्लीत आता चार घरं मिळून झाडं हलवतात. पोरांना त्याची एवढी मजा वाटते की त्यांना बोलवावं लागत नाही, आवरावं लागतं. पाऊस पडल्यानंतरच्या कोरड्या, उकाड्याच्या संध्याकाळी सगळ्यात जास्त सापडतात. सलग तीन-चार दिवस चादरीवर दोन-चारच पडायला लागले की थांबायचं.

याच दिवसांत मातीवर मखमली लाल मृगाचा किडा फिरताना दिसेल. तो बागेचं काही खात नाही. त्याला फिरू द्या.

मातीतली अळी

कुंडीला पाणी आहे, तरी झाड मलूल. हलकंच ओढलं तर उपटून हातात येतं आणि खाली मुळांचा पत्ता नाही. असं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झालं तर कुंडी गोणपाटावर उलटी करा. पांढुरकी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी मिळेल. ती हुमणी. कुंडीत एक निघाली तरी पुरे झाली, एवढीशी मुळं संपवायला तिला फार दिवस लागत नाहीत.

पण मातीत किंवा खताच्या ढिगात सापडलेली प्रत्येक पांढरी अळी मारू नका. मी एक साधी परीक्षा करते. अळी सपाट फरशीवर ठेवायची आणि मिनिटभर बघायचं. उताणी होऊन, पाय वर करून, पाठीवर सरपटत निघाली तर ती फुलभुंगेऱ्याची. ती कुजका पाला खाते, खत बनवायला मदतच करते. तिला खताच्या ढिगात परत टाका. पुढे तिचा भुंगेरा होऊन गुलाबावर येईल हे खरं, पण तेव्हा त्याला पकडणं सोपं आहे. कुशीवर पडून वळवळत राहिली किंवा पायांवर सरकायला लागली तर ती मुळं खाणाऱ्या हुमणीच्या जातीची असण्याची शक्यता जास्त. ती साबणपाण्यात. पहिल्यांदा ही परीक्षा बघणाऱ्याला हसू येतं, कारण सहा पाय असताना पाठीवर चालणारा प्राणी आपण एरवी बघत नाही.

माझ्या बागेत हुमणी आली कुठून, तर शेणखतातून. एका वर्षी स्वस्तात मिळालं म्हणून ट्रॉलीभर खत उतरवून घेतलं. वरून काळं, आत हात घातला तर गरम आणि वास मारणारं, म्हणजे कच्चं. मी तसंच आळ्यांत घातलं. त्या पावसाळ्यात अकरा गुलाब गेले. तेव्हापासूनचा नियम: खत आणल्यावर उन्हात पातळ पसरायचं, दोनदा खालीवर करायचं, साळुंक्या आणि बगळ्यांना दोन-तीन दिवस त्यावर मोकळं सोडायचं आणि मगच वापरायचं. पूर्ण कुजलेलं खत हातात घेतलं की चहाच्या चोथ्यासारखं सुटं होतं आणि मातीचा वास येतो. कच्च्याला शेणाचा वास येतो. जूनमध्ये अंडी घालण्याच्या दिवसांत बागेत उघडं खत टाकू नका, घातलं तर मातीआड करा.

उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, वाफे वीतभर खोल खणून माती तापू द्या. या काळात आत भुंगेरे दडलेले असतात. काही उन्हाने मरतात, बाकीचे पक्षी टिपतात. हुदहुद आणि भारद्वाज या कामात वाकबगार. पाखरांसाठी सावलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवलं की ती रोज येतात. गुलाबाच्या बुडाशी मात्र जपून खुरपं चालवा, मुळं तोडू नका. रिकाम्या कुंड्यांची माती ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात ठेवली तर बराच जंतुसंसर्ग आणि किडीही जातात. नाशिकचं मे महिन्याचं ऊन त्यासाठी फुकट मिळतं.

बुरशी आणि सूत्रकृमी

हुमणीवर खरा उतारा म्हणजे मेटारायझियम. ही मातीतलीच एक बुरशी आहे. अळीच्या अंगाला चिकटते, आत शिरते, आणि मेलेल्या अळीवर हिरवी पूड चढते. अशी हिरवी अळी सापडली की समजायचं, औषध जिवंत आहे आणि पसरतं आहे. भावकीतलीच दुसरी बुरशी बिव्हेरिया. ती पांढरी दिसते आणि पानांवरच्या किडींसाठी फवारतात.

वापरायची वेळ जुलै ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा. अळ्या तेव्हा लहान असतात आणि जमीन ओली. सप्टेंबरच्या लठ्ठ अळीवर तेवढा परिणाम होत नाही. कुंड्यांसाठी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम भुकटी कालवून झारीने बुडाशी ओता. वाफ्यांसाठी २० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात २०० ग्रॅम भुकटी मिसळा, पाण्याचा हबका मारा, गोणपाटाखाली सावलीत आठवडाभर ठेवा आणि मग मातीत मिसळा. दोन्ही कामं संध्याकाळी करा. उन्हात बुरशी मरते. आणि त्याच आठवड्यात करप्यासाठी बुरशीनाशक ओतलं तर आपणच आपलं औषध मारलं. पाकिटावरची तारीख बघून घ्या. महिनोन्‌महिने तापलेल्या पत्र्याच्या गोदामात पडलेलं पाकीट स्वस्त मिळालं तरी नको.

दुसरं हत्यार म्हणजे कीटकांना मारणारे सूत्रकृमी, दुकानात ईपीएन म्हणून मिळतात. डोळ्यांना न दिसणारे हे जंत अळीच्या अंगात शिरतात आणि आपल्याबरोबर नेलेल्या जिवाणूंनी तिला दोन-तीन दिवसांत संपवतात. मेलेली अळी विटकरी लाल दिसते. झाडाच्या मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमींशी यांचा संबंध नाही, माणसाला आणि गांडुळालाही यांचा त्रास नाही. माल जिवंत असतो, त्यामुळे आणल्यावर थंड जागी ठेवा, लवकर वापरा आणि घातल्यावर आठवडाभर माती वाळू देऊ नका. नाशिकमध्ये जैविक निविष्ठांची चौकशी मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात करता येते. जिल्ह्याबाहेर राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि उसातल्या हुमणीमुळे या विषयात मुरलेली पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे.

दिवसा येणारे

सोंड्याला पकडायला उलटी छत्री लागते. उन्हं यायच्या आत झाडाखाली उघडी छत्री उलटी धरा आणि फांदीला काठीने एक टिचकी. सोंग घेऊन पडलेला सोंड्या छत्रीत पांढऱ्या कापडावर ठळक दिसतो. माझी छत्री काळी होती, आत जुना पांढरा पंचा अंथरला. सलग आठवडाभर केलं की नवं कुरतडणं थांबतं.

फुलभुंगेऱ्यासाठी सकाळी फुलं बघत फिरायचं आणि फूल साबणपाण्याच्या मगात बुडवून झटकायचं. पिकून गेलेलं केळं किंवा पेरू, थोडा गूळ आणि पाणी, तोंड कापलेल्या बाटलीत घालून बागेच्या टोकाला टांगलं तर आंबूस वासाने तो तिकडे वळतो. बाटली दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर चिलटांची जत्रा भरते. प्रदर्शनासाठी किंवा लग्नकार्यासाठी दहा-बारा फुलं निर्दोष हवी असतील तर कळी रंग दाखवायला लागली की मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी चढवा. त्याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

आता पट्टेरी हिंगे. त्याच्या अंगातून कँथरिडिन नावाचं द्रव्य येतं. त्वचेला लागलं तर काही तासांत फोड येतात, डोळ्यात गेलं तर फार वाईट. चिरडू नका, मुलांना हात लावू देऊ नका. रबरी हातमोजे घाला, सकाळी तो सुस्त असताना फुलाखाली मग धरा आणि चिमट्याने किंवा काडीने ढकला. अंगाला लागलंच तर लगेच साबणाने भरपूर धुवा. त्याच्या अळ्या मात्र जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात. म्हणून मी त्याच्या मागे हात धुऊन लागत नाही. जास्वंदीवरचे काढते, बांधावरच्या गवतातल्यांकडे दुर्लक्ष करते.

निंबोळी, दशपर्णी, राख

निंबोळी अर्क सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच्याकडून अपेक्षा भलतीच असते. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या भरडून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळा, लिटरभर पाणी करा आणि त्यात चिमूटभर साबण विरघळवून घ्या: हा पाच टक्के अर्क. पानं खाणाऱ्या किडींची तो भूक मारतो, लागलीच जीव घेत नाही. उन्हात त्याचा प्रभाव लवकर जातो, म्हणून संध्याकाळी फवारायचा आणि आठवड्याने पुन्हा. सोंड्या आणि लहान भुंगेऱ्यांवर मला फरक दिसला. पण हुमणीचा भुंगेरा ज्या झाडावर जेवायला बसतो ते झाडच कडुनिंबाचं! त्याला अर्काची भीती दाखवण्यात अर्थ नाही. त्याला चादर आणि बादलीच. निंबोळी पेंड मात्र लागवडीच्या वेळी मूठ-दोन मूठ आळ्यात जरूर घाला.

दशपर्णी, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेला अर्क, मावा, फुलकिडे यांना ठीक. टणक पाठीच्या भुंगेऱ्यासाठी महिनाभर पिंप ढवळत बसणं मला परवडत नाही. दोडक्या-काकडीच्या वेलांवर लाल भुंगेरे येतात, त्यांच्यासाठी सकाळच्या दवावर चुलीची चाळलेली राख धुरळणं हा आजीच्या काळचा उपाय आजही चालतो, पाऊस नसेल तोवर.

आणि कुठलाही साबणाचा फवारा आधी दोन पानांवर मारून दिवसभर बघा. भर उन्हात मारला तर पानं करपतात आणि दोष भुंगेऱ्याला जातो.

ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी करताना प्रत्येक आळ्यात खुरप्याने एक-दोन ठिकाणी उकरून बघते. किती अळ्या निघाल्या ते पंचांगाच्या त्या पानावर पेन्सिलीने लिहिते. ज्या आळ्यात निघाल्या, त्याला पुढच्या जुलैत मेटारायझियम पहिल्यांदा. चादर धुऊन माळ्यावर टाकते, बांबूची आकडी मात्र मोडली की लगेच नवी बांधून ठेवते. पाऊस पडल्यावर शोधायला गेलं तर ती कधीच सापडत नाही.